साडेचार डाव

पाचव्या डावाच्या मध्यावर आभाळ फुटलं.
पोरांनी ताडपत्री ओढत मैदानावर नेली,
एक घसरला, लोक हसले.
त्यानंतर दीड तास हसण्यासारखं काही घडलं नाही.

मी तिकीटखिडकीत. ईरी सरोवरावरचा वारा
काचेच्या भोकातून थेट माझ्या मनगटावर.
भोंग्यातून वरच्या साहेबांचा गोड आवाज:
जरा कळ काढा, दुकानं उघडी आहेत.
रेनकोट बारा डॉलर. दुपारी आठला होता.

साडेनऊला पंचांनी हात हलवले.
सगळी रांग माझ्याकडे वळली,
ओली पोरं, चपलांना चिकटलेली शेंगांची टरफलं,
मुठीत तिकिटांचा लगदा.

पुढे ड्वेन कोवालिक, शाळेची बस चालवतो.
शेजारी नात, ट्रूडी, हातमोजा डोक्यावर पालथा घालून.
मी पाठ केलेलं म्हटलं:
साडेचार डाव झाले आणि यजमान पुढे,
की सामना पुरा धरतात.
आपण जिंकलो ना काका, म्हणून बदली तिकीट नाही.

तो गप्प. ट्रूडी म्हणाली,
'मग हरत असतो तर पुन्हा यायला मिळालं असतं?'

नियमपुस्तकात याचं उत्तर आहे.
मी ते वाचून दाखवलं नाही.
फुकट सॉसेजचं एक कूपन सरकवलं.
तिनं ते उलटं करून, अक्षर अक्षर लावत वाचलं:
फक्त सामन्याच्या दिवशी. प्रवेशाचं तिकीट वेगळं.

दहाला पाऊस थांबला.
दिवे विझवायला कुणी आलं नव्हतं अजून,
ताडपत्रीवरच्या पाण्यात सगळे उलटे पेटलेले.