रुमालाखाली

शाहूपुरीत, गुळाच्या पेठेत
एकतीस वर्षं मी तोलार.
काट्याच्या फळीखाली माझा अंगठा,
डाव्या पायाचा, नख काळं पडलेला,
रव्यामागं पाव किलो गिळायचा.
दुकानाची भिंत बघायची,
भिंतीवरची लक्ष्मी बघायची,
संध्याकाळी मी पाकीट बघायचो.

देवाला मी कधी चुकवलं नाही.
शुक्रवारी अंबाबाई, रविवारी जोतिबा,
गुलाल इतका की
आंघोळीचं पाणी आठवडाभर लाल.
नगारा ऐकला, चौघडा ऐकला,
कर्ण्यावरचं भजन ऐकलं.
देव बोलला असेल तर त्या गलक्यात बोलला असेल.
माझ्या कानापर्यंत फक्त आकडे आले.

परवा भैरू वरुटे आला.
वडणग्याचा गुळव्या,
कोपरापर्यंत चटक्यांचे डाग.
जन्मभर दुसऱ्यांचा गूळ केला,
यंदा पहिल्यांदा चाळीस रवे
स्वतःच्या नावावर.
हा माणूस उकळता पाक पाण्यात धरतो,
गोळी वळतो, लोखंडावर आपटतो
आणि आवाजावरून सांगतो,
"उतरा आता," नाहीतर "जरा दम धरा."
चुलवाण भडकलेलं,
घाण्याचं इंजिन धडधडतंय,
पोरं एकमेकांना शिव्या घालताहेत,
आणि त्याला एवढासा टण ऐकू येतो.

रवा फळीवर चढला. मी आकडा ओरडलो.
त्यानं रव्यावर तळवा ठेवला,
तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.
माझ्या पायाकडं बघितलं.
मग माझ्याकडं.
वाटलं, आता पेठ गोळा होणार.

त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला,
जुनी माणसं सौद्याला टाकायची तसा
माझ्या हातावर टाकला,
आणि आतल्या अंधारात
माझी बोटं धरली.
एक नाही, दोन नाही, पाचही.
दाबली. सोडली.
"किती म्हणायचं हे?" माझा आवाज फुटेना.
"मोजू नगंस," म्हणाला. "लिव्ह."

चाळीसच्या चाळीस तसेच लिहू दिले.
जाताना वहीवर गुळाचा खडा ठेवला,
कागदात बांधलेला.
"नातवाला."
तो घरी नेण्याचं धाडस झालं नाही.
मुंग्यांनी खाल्ला.

रात्री दिवा गेला तरी
हाताला पाच बोटं कळत होती.
भेंडीचं पाणी ओतलं की
पाकातली मळी वर येते,
तिला कुणी हाक मारत नाही.
माझी आली.
आईच्या पाटल्या, ज्यांची पावती मी फाडली.
पुराच्या साली वाटपातून वळवलेले
तांदळाचे दोन कट्टे.
थोरल्या भावाशी बोललेलं एक वाक्य.
झाऱ्यानं काढावी तशी एकेक.
आणि काढणारा हात
रागावलेला नव्हता, हेच सोसवेना.

सकाळी काटा लावला. अंगठा सवयीनं सरकला.
मागं ओढला. अडत्यानं बघितलं.
दुपारी पुन्हा सरकला.

हिशेब काही मिटलेला नाही.
भैरूचे दहा किलो
वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवलेत,
वडणग्याला अजून गेलेलो नाही.
पण आता रवा फळीवर टेकताना
हमालांच्या आरोळ्यांखालून
एक बारीक टण येतो.

एकतीस वर्षं येत असणार.