दगडफूल

स्किप्टनच्या चर्चमागे, थडग्यांच्या तिसऱ्या रांगेत
आम्ही दोघं गुडघे टेकून.
हॅलमसाहेबांच्या हाती भिंग, माझ्या हाती वही:
सृष्टी, कुल, प्रजाती, जाती.
जातीचा रकाना आला की माझं पेन
थबकतं. जुनी खोड.

"वनस्पती," मी लिहिते.
"खोडा ते. हा एक जीव नाहीच.
बुरशीनं घर बांधलंय,
आत शेवाळ रांधतंय उन्हावर."
"मग नाव?"
"बुरशीचं. नियमच आहे तसा."

रुपयाएवढा राखाडी ठिपका.
वर्षाला अर्धा मिलिमीटर वाढतो,
पोरं वाऱ्यावर सोडून देतो,
वाळून मेल्याचं सोंग घेतो
आणि शिंतोडा उडाला की उठून बसतो.

याचा भाऊबंद माझ्या फडताळात आहे,
साताऱ्याहून आलेला, गोड्या मसाल्यासाठी.
इतकी वर्षं भाजला तेलावर,
तू कोण, कधी विचारलं नाही.

ठिपक्याच्या कडेनं अक्षरं लागतात बोटाला:
जोसाया थ्वेट, लोकरीचा व्यापारी, १८४१.
आणि त्याची पत्नी.
एवढंच.

हॅलमसाहेब पुढच्या दगडाकडे सरकलेत.
मी रकान्याबाहेर, समासात,
पेन्सिलीनं लिहिते:
शेवाळ.