चार दशांश

तळघरात, बटाट्यांच्या पोत्याशेजारी,
हेरिबर्ट रोज संध्याकाळी साडेसहाला गाडी काढतो.
गाडी म्हणजे काय, तर एक लोखंडी चौकट,
भंगारातून आणलेली सीट, तीन पेडल, स्टिअरिंग, समोर पडदा.
आयफेलच्या डोंगरातली ती वीस किलोमीटरची शर्यतवाट
घराच्या खिडकीतून ऐकू येते,
तीच पडद्यावर.

नातवाने, लोरेन्झने, सगळं जोडून दिलं
आणि मदतीची बटणं चालू करून ठेवली:
घसरण रोखणारं, ब्रेक सांभाळणारं,
रस्त्यावर हिरवी रेघ आखून देणारं.
म्हाताऱ्याने दोन फेऱ्या मारल्या. उतरला.
"एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या ओढल्या," म्हणाला,
"आता मला कुणी ओढू नये."

बटणं एकेक करून बंद झाली.
पहिला आठवडाभर सहाव्या किलोमीटरपुढे पोचला नाही.
टायर थंड, आणि वळणावर
अर्धा श्वास आधी दिलेला गॅस:
मागची बाजू सुटायची
साबणाच्या हातातून बशी सुटावी तशी.
तो हसायचा.
वर स्वयंपाकघरातून इर्मगार्ड विचारायची,
"पुन्हा कुंपणात?"
"पुन्हा कुंपणात!"

मजा कसली यात, लोरेन्झने विचारलं.
त्याने सांगायचा प्रयत्न केला.
ब्रेक दाबला की गाडी नाकावर येते, ते मनगटाला कळतं.
टाकी रिकामी होते तशी ती हलकी होते,
पाचव्या फेरीला तुझ्या हातात वेगळीच गाडी असते.
आणि चाक एकदा ओल्या गवताला लागलं ना,
की पुढची दोन वळणं टायर ते विसरत नाहीत.
"म्हणजे चुकलं की चुकलं.
उगाच पाठ थोपटत नाही कुणी."

वळणांची छापील नावं त्याला येत नाहीत.
टोइंगवाल्यांची नावं वेगळी होती:
सासूबाईंचा टप्पा, जिथे पुढचं दिसत नाही;
नवरीची टेकडी, जिथे एक जोडपं
लग्नाच्या कपड्यांत चिखलात रुतलं होतं
आणि नवरीनेच साखळी अडकवली होती.
खेळात त्या टेकडीचा चढ अगदी तसाच आहे.
डावीकडचा खड्डासुद्धा. कुणी मोजला असेल तो?

जानेवारीत लोरेन्झ लॅपटॉप घेऊन आला.
एक लाल रेघ, एक निळी.
"ओपा, इथे बघा. पुलानंतरचं उजवं वळण.
दर फेरीला तुम्ही पाय उचलता.
चार दशांश सेकंद जातात.
इथे पूर्ण गॅस देता येतो, सगळे देतात."
हेरिबर्टने चष्मा पुसला.
"तिथे धुकं असतं."
"धुकं बंद केलंय मी."
"हो."

त्या वळणाला टोइंगवाल्यांनी नाव दिलं नव्हतं.
सप्टेंबर होता, सकाळ. निळी गाडी, झाडाला टेकलेली.
विंच अगदी हळू फिरवावा लागला.
किल्लीच्या साखळीला एक लाकडी बदक होतं
आणि गाडी वर येईपर्यंत ते डुलत राहिलं.
हे त्याने इर्मगार्डलाही सांगितलेलं नाही.
नातवाला म्हणाला, "बटाटे घेऊन जा थोडे.
मोड यायला लागलेत."

परवा आठ मिनिटं अकरा सेकंद लागले.
त्याची आजवरची सर्वांत वेगवान फेरी.
नवरीच्या टेकडीवर गाडी तिरकी झाली,
त्याने स्टिअरिंग उलटं दिलं, तिने ऐकलं;
ऐकायलाच हवं असं काही नव्हतं,
म्हणून तर पोटात गोळा आला
आणि म्हणून तर तो लहान मुलासारखा ओरडला.
मग पूल. मग उजवं वळण.
पाय वर.
रिकामा, सरळ, कोरडा रस्ता.
पाय खाली.

"ते चार वाचले असते तर दहावर आला असता,"
लोरेन्झ फोनवर म्हणाला.
"असू दे."

वरून हाक आली, सूप गार होतंय.
पडद्यावर गाडी उभी, चारही टायरांचे आकडे
एकेक अंशाने उतरताहेत.
ब्याऐंशी. एक्क्याऐंशी.
"आलोच," तो म्हणाला, पट्टा न सोडता,
"जरा निवू देत."