बावीस प्रश्न

विलनहॉलच्या वाचनालयामागची खोली,
एकाच बाजूने तापणारा हीटर.
मी नेली बावीस प्रश्नांची यादी,
विद्यापीठाच्या समितीचा शिक्का मारलेली,
आणि बिस्किटं.

बिस्किटं लगेच संपली.

चननरामबाबांनी चष्मा पुसला,
पान उलटं धरून पाहिलं, मग सुलटं.
तीस वर्षं कुलपांच्या कारखान्यात
पितळ घासलेली बोटं यादीवरून फिरली.
"यात नळाचं काही नाही."
कुठला नळ?
"कॅन्टीनमागचा. आपलीच माणसं,
आमच्याच विमानातून आलेली,
आम्ही पाणी प्यायलो की नळ धुवून घ्यायची.
गोऱ्या फोरमनला वाटायचं,
काय स्वच्छ लोक!"

डेलरीन हसली आणि हसता हसता थांबली.
माझ्या कागदावरचा 'सहभागी' हा शब्द
तिने हिरव्या पेनाने खोडला.
वर लिहिलं : आम्ही.

मग अकरा गुरुवार
भिंतीभर ब्राऊन पेपर. कारखान्याचा नकाशा :
भट्टी, घड्याळ, संडास, नळ.
नववीतली जसलीन म्हणाली,
शाळेत उत्तरं नका पाठवू,
नळाचं चित्र द्या,
खाली जागा सोडा.
हा झाला पहिला धडा.

दुसरा आम्ही दोनदा फाडला.
'पीडित' या शब्दावर गुरमेज कौर अडून बसल्या.
"मी युनियनची वर्गणी गोळा करायचे,
दारोदार, पावसाबिवसात. तसं लिही."
तसं लिहिलं.

राहिलं मागचं पान. नावं कुणाकुणाची?
आडनावासकट, की नुसती?
या वादात चहा गार झाला
आणि चननरामबाबा माझ्याकडे वळले.
"पोरी, आमचं सगळं विचारलंस.
तुझ्या घरी नळ कुठे होता?"

नळ आठवेना.
आठवला साताऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये
बाल्कनीच्या गजाला अडकवलेला
टवका उडालेला कप.
भांडी घासायला येणाऱ्या चांगुणाबाईंचा.
त्याला हात लावू नकोस
असं मला कुणी कधी सांगितलं नाही.
सांगावं लागलं नाही.

डेलरीनने हिरवं पेन पुढे केलं.
"दहा मिनिटं. सगळ्यांना दिली तेवढीच."

मी कप काढायला घेतला.
गज जमले, टवका जमेना.
जसलीन खांद्यावरून वाकून बघत होती.
म्हणाली,
खाली जागा सोड.