मूळच्या कुठल्या

खिडकीमागचा राठवा नावाचा मुलगा
संगणकातल्या यादीत माझा जन्मदेश शोधतो.
वर जातो, खाली येतो.
“नथी मळतो, माजी.”

मिळायचा नाही, बाळा.
मी इथे भेंडी चिरत होते तेव्हा तो मोडला,
संध्याकाळच्या बातम्यांत.
माईंनी रेडिओ बारीक केला
आणि काही न बोलता मला विळीवरून उठवलं.

त्रेचाळीस वर्षं.
आले तेव्हा दांडिया बाजारातून सायकल काढली
की पोरं मागे धावायची, गोरी गोरी ओरडत.
परवा त्यांच्यातल्याच एकाच्या नातवाने
मॉलमध्ये इंग्रजीत विचारलं,
किती दिवसांची सहल?

भाषा माईंनी दिली, तांदूळ निवडता निवडता.
बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं,
जी शिकले ती या गावची नव्हेच.
तीही कधीकाळी घोड्यावरून आलेली,
आणि मग राहून गेलेली.
पुण्याला नणंदेकडे मी बटाट्याला बटाका म्हणाले,
सगळे हसले.
माईही बटाकाच म्हणाल्या, तेव्हा जरा कमी हसले.
परतीच्या गाडीत आम्ही दोघी
एकाच बाकावर बसलो, खिडकी सोडून.

माझी स्वतःची बोली आता
फक्त स्वेटरचे टाके मोजताना येते.
बाराच्या पुढे तीही अडखळते.

माई गेल्या. हेमंत गेला.
समोरच्या ताम्हाण्यांच्या जागी सात मजले उभे आहेत.
गणपतीत खाली मांडव पडतो,
मुलं आरती म्हणतात गुजराती लिपीतल्या चोपडीत बघून,
आणि अडली की माझ्याकडे बघतात.
मला पाठ आहे.
तिसऱ्या कडव्यातला एक शब्द माई चुकीचा म्हणायच्या,
मी तोच म्हणते, जरा मोठ्यानेच.

विश्वामित्रीला पूर येतो तेव्हा
मगर सोसायटीत शिरली, म्हणून फोन फिरतात.
मगरीला कोणी विचारत नाही
कोण कुठे शिरलं ते.

“अन्य लखूं?” मुलगा विचारतो.
लिही.
तू रे कुठला?
“छोटा उदेपूर बाजूनो. घरे अमे जुदूं बोलिए.”
पाण्याला काय म्हणता?

तो शेजारच्या टेबलाकडे बघतो.
मग काचेच्या भोकाशी तोंड आणून
हळूच सांगतो.
मी दोनदा म्हणून बघते. दुसऱ्यांदा तो मान हलवतो.

मागून कोणीतरी ओरडतं,
चालो ने, माजी, लाईन लांबी छे.