म्हैस आणि निवळी

सातवा थर घेऊन गावी आले.
वर इंडियमच्या उभ्या रेघा, खाली आडव्या,
मध्ये पापुद्रा, केसाहून पातळ.
उजेडात धरला तर काहीच दिसत नाही,
तिरका केला की मासोळीच्या पोटाची चकाकी,
तेवढीच.

मच्छीमार सोसायटीच्या खोलीत
पत्र्यावर वाळणाऱ्या झिंग्यांचा वास
आणि टेबलावर माझी काच.
ज्याच्या त्याच्या वाट्याच्या किलोपुढे
ज्याने त्याने पेनाने सही करायची.

पुण्याच्या लॅबमध्ये आम्ही सगळे भराभर लिहितो.
भराभर ओढलेली रेघ वेगावरच सरळ राहते,
सायकलसारखी.
फुलवंता मारबते सही शिकली बावन्नाव्या वर्षी.
ती आधी अख्खा हात काचेवर ठेवते, कोपरापासून.
मग फ चं पोट,
मग श्वास,
मग उकार.

उकाराची शेपटी तिरकी उतरताना थरथरली.
हात थरथरला नव्हता, मी पाहत होते.
दोन रेघांमधल्या ओसाड जागेत टोक शिरलं की
माझ्या थराला वाटायचं, पेन अजून अलीकडेच आहे,
आणि मग एकदम, पलीकडे गेलं.
उतरणीच्या झाल्या पायऱ्या.
"असा उकार नाई माहा," ती म्हणाली,
आणि पेनाचं झाकण शोधत राहिली.
त्याला झाकण नव्हतं.

संध्याकाळी डोमाकाका बोडीच्या पाळीवर जाळं सांधत बसलेले.
मी विचारलं, डोळा बारीक केला तर?
"कर नं बारीक. मंग वढाले चार गडी आन."
खरंच होतं. रेघा वाढवल्या की चिप दमते,
सगळ्यांची हजेरी घेऊन होईस्तोवर
पेन पुढच्या अक्षरात गेलेलं असतं.

पाण्यात म्हैस बसली होती, मानेपर्यंत.
तिच्या पाठीजवळून एक निवळी पळाली,
पाण्याला नुसतं पायाचं टोक लावत.
म्हणजे काम एवढंच होतं:
म्हशीला उठवायचं नाही, बसू द्यायचं,
आणि तिच्या लाटांतून निवळीचा पाय ओळखायचा.
हे जमलं होतं मला. पेन स्वतः कुजबुजतं,
सेकंदाला हजारो वेळा, ठरलेल्या सुरात.
तळहात कुजबुजत नाही.
जमत नव्हतं ते, निवळी नेमकी कुठे आहे, हे.

काकांनी न बघता बोट दाखवलं,
दोरीवरचे तीन भोपळे डुलत होते.
"भोपळा हालला म्हून मासोरी थितंच नाई रायत.
मंधात रायते. कोन किती हालला ते पाय."

त्या रात्री रेघा सरळ ठेवल्याच नाहीत.
एकीला बोटं फोडली, दुसरीला फोडली,
आवळ्याच्या डहाळ्या एकमेकींत सारल्यासारखी.
आता टोक कुठेही पडो, तिघींना कळेल:
एकीला जास्त, एकीला कमी,
एकीला नुसती कुणकुण.
बाकीचं भागाकाराचं काम.

आठवा थर आणला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.
फुलवंताने हात ठेवला. पोट. श्वास.
उकार उतरला, अगदी तिच्या मनातल्यासारखा,
आणि शेवटाला पलीकडच्या धुऱ्यावर कुणीतरी मोटर लावली.
बल्ब बसला, चार्जर कण्हला,
शेपटीच्या टोकाला एक बारीक काटा आला.

तिने डोळ्याजवळ नेऊन पाहिलं.
"हा काटा कोनाचा?"
मोटरचा, मी म्हणाले.
"मंग त्याच्या नावानं लिव,"
म्हणाली,
आणि दोन किलो तीनशे रोहू उचलून
निघाली.