गुवाहाटीचा भाव

सांगलीच्या मार्केट यार्डात एकतीस वर्षं मी हळदीच्या पट्ट्या लिहिल्या.
सकाळी पुकार, दुपारी भाव बंद.
बंद म्हणजे बंद.
रात्री साडेबाराला राजापुरी हळद
आपली आपण तीनशेनं चढलेली
मी कधी बघितली नाही.

हे चढतं.
विघ्नेशनं मोबाइलवर लावून दिलंय:
पुणे ते गुवाहाटी, दोन माणसं, कोलकात्यात बदल.
पाणी प्यायला उठलो तेव्हा सात हजार नऊशे,
पिऊन आलो तर आठ हजार दोनशे दहा.
"काका, सारखं बघू नका," तो म्हणतो,
"आपण बघतोय हे त्याला कळतं."
गिऱ्हाइकाची नड कळली की
दलाल कसा घसा खाकरतो ते मला ठाऊक आहे.
या दलालाला घसाच नाही.

हर्षलाला आठवा लागलाय.
जावई लेंगऱ्याचे, गुवाहाटीत गलाईचं दुकान,
जुनं सोनं आटवून चोख करून देतात.
लेकीला माहेरी आणायची ही रीत,
पण डॉक्टरनं प्रवास नको म्हटलं,
म्हणून माहेरच उचलून न्यायचंय,
माणशी पंधरा किलोच्या आत.
जावई फोनवर म्हणतात, "मामा, तिकिटं मी काढतो की."
मी म्हणतो, "हॅलो? हॅलो? रेंज जातीय."

मग मी वहीच घातली.
डाव्या पानावर पुणे, उजव्या पानावर हैदराबाद,
समासात पेन्सिलीनं कोल्हापूर,
जवळ म्हणून आशेनं लिहिलेलं, मग खोडलेलं.
तिकीट, त्यावर कर, त्यावर कसलीशी सुविधा,
सुविधेवर पुन्हा कर,
खिडकी पाहिजे तर खिडकीचे वेगळे.
अडत, तोलाई, हमाली, वाराई.
पट्टीच की ही!
फक्त आजवर मी लिहून देत होतो,
आता माझ्या हातात आलीय.

शालननं सामान काढून ठेवलं:
भडंग, तासगावचे बेदाणे, डिंकाचे लाडू,
धुऊन मऊ केलेल्या जुन्या साड्या,
आणि हळद. "तिकडची नुसती पिवळी असती."
दुकानातला काटा मी घरी आणला.
चौतीस किलो तीनशे.
"काटा मारताय तुम्ही," ती म्हणाली.
उभ्या पेठेत हे मला कुणी म्हणालं नव्हतं.

शुक्रवारी रात्री एक दिवस उतरला.
एकोणीस तारीख, मंगळवार.
का उतरला म्हणून कॅलेंडर बघितलं, तर अमावस्या.
विमानवाल्यांना अमावस्या असते का?
शालन कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली,
"पोरं काय तिथी बघून येत्यात?"

दोन माणसं टाकली, सात हजार सहाशेच्या दरानं.
एक टाकलं, पाच हजार एकशे चाळीस.
पुन्हा दोन, सात सहाशे. पुन्हा एक, पाच एकशे चाळीस.
तेव्हा डोक्यात उजेड पडला.
स्वस्तातलं पोतं एकच उरलंय,
दोन मागितली की दोन्ही महागड्या थप्पीतली टाकतोय.
आमच्या हमालांनीही ओळखलं असतं.
एकेक घ्यायचं. चोवीसशे साठ वाचले.
शेजारी बसायला मिळेलच असं नाही.
"बसलोय की इतकी वर्षं शेजारी," शालन म्हणाली,
आणि ताटं वाढायला घेतली.

नाव, वय, कार्डाचे सोळा आकडे.
मग ओटीपी.
आला नाही.
बँकेत नंबर हर्षलाचा दिलेला,
ती कॉलेजात होती तेव्हा, माझ्याकडं फोन नव्हता.
ओटीपी आमच्या आधी गुवाहाटीला पोचला.

लगेच फोन वाजला.
"आप्पा, हे कसले पैसे जातायत? तुम्ही..."
आणि पुढं नुसतंच नाक ओढल्याचा आवाज.
पडद्यावर मुदत: दोन मिनिटं चाळीस.
"हर्षले, आधी आकडे सांग, मग रड.
भाव चढतोय.
आणि फोन ठेवू नको,
अजून एक यायचाय, आईचा."